खुर्चीमागचा हात

मी एक जुना आरसा आहे. निदान आजवर मला सगळ्यांनी तसंच सांगितलं आहे. मी स्वतःला कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे मित्रांनो, माझी पक्की खात्री नाही. समोर दुसरा आरसा धरला तर दिसेन म्हणतात. पण त्या दुसऱ्याच्या सांगण्यावर मी का विश्वास ठेवावा?

तुम्ही म्हणाल, हा भलताच संशयी दिसतोय. आहेच मी संशयी, लपवत नाही. पण आधी माझी हकिकत ऐका आणि मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. सपाट, गुळगुळीत काच म्हणून बाहेर पडलो तेव्हा माझ्यातून आरपार दिसत होतं. मग कामगारांनी माझ्या पाठीवर चांदीचं पाणी ओतलं, त्यावर रंगाचा थर दिला आणि माझी पाठ कायमची बंद झाली. समोरचं सगळं मला दिसतं, मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. मागे नुसती भिंत आहे की कुणी उभं आहे, कुणास ठाऊक. माझ्या स्वभावाला तिथूनच वळण लागलं असावं. पुढे एका सुताराने मला लाकडी चौकटीत बसवलं. चौकट अखंड लाकडाची आहे, असं तो गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगत होता. खालची पट्टी दोन तुकडे जोडून केली होती आणि ते तुकडे त्याने माझ्यादेखत सरस लावून चिकटवले होते. माझ्याबद्दल बोललेलं पहिलंच वाक्य असं खोटं निघालं.

गिऱ्हाईक म्हणजे एक विद्यापीठ होतं. तिथल्या नाट्यविभागाने मला विकत घेऊन रंगपटात लावलं. रंगपट म्हणजे नाटकाआधी नटांनी तोंड रंगवून घ्यायची खोली. माझ्याभोवती दिवे बसवले, समोर एक बसक्या पाठीची लाकडी खुर्ची ठेवली आणि माझी नोकरी सुरू झाली.

आता मला सांगा, अशा खोलीत कुणाचा स्वभाव सरळ राहील? खुर्चीत बसायचा एक आणि उठायचा दुसराच. सर्दीने नाक पुसत एखादा हडकुळा विद्यार्थी यायचा आणि दाढीमिशांचा राजा होऊन जायचा. आत्ता हसत खिदळत आलेली मुलगी डोळ्यांखाली काळं लावून मुलाच्या आठवणीने खंगलेली आई व्हायची. दोघी मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात गळे घालून यायच्या आणि एक बाहेर गेली की दुसरी माझ्याकडे बघून नाक मुरडायची. हे सगळं मी जवळून पाहत होतो. हळूहळू माझा नियमच झाला, की जे दिसतं ते आधी खोटं धरायचं आणि मग बघत राहायचं.

या सगळ्या सोंगांमागे एकच माणूस होता. विभागाचे रंगभूषाकार. सगळे त्यांना रंगकाका म्हणत. बुटके, जाड भिवयांचे, कायम काहीतरी पुटपुटणारे. त्यांच्यावर तर माझा सगळ्यात जास्त संशय होता, कारण हा सगळा बनावाचा धंदा त्यांच्याच हातात होता.

त्यांच्या कामाची पद्धत ठरलेली होती. ते खुर्चीच्या मागे उभे राहायचे. डावा हात बसलेल्याच्या खांद्यावर, म्हणजे तो हलायचा नाही, आणि उजव्या हातात कुंचला. पुढे येऊन तोंडाकडे ते क्वचितच बघायचे. खांद्यावरून वाकून माझ्यात बघायचे आणि माझ्यात जसं दिसेल तसं रंगवत जायचे. नव्या मुलांना सांगायचे, की तोंडाकडे बघून रंगवलं तर कुठे थांबायचं ते कळत नाही, आरशात बघितलं की कळतं. त्यांचा आणखी एक दंडक होता. त्या खुर्चीत ते स्वतः कधीही बसले नाहीत. पाय कितीही दुखोत, चहासुद्धा उभ्याने प्यायचे. त्या खुर्चीत बसलेला माणूस स्वतःचा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. घरच्यांनाही तिथे बसायला बंदी. त्यांची बायको, म्हणजे आपल्या काकू, डबा द्यायला आल्या तर दारातच थांबायच्या. एकदा दमून जरा टेकायला गेल्या तर काका केवढ्यांदा ओरडले त्यांच्यावर. मला वाटलं, काय हा तोरा, राक्षसाला खुर्ची देतो आणि बायकोला देत नाही.

तरी काकांचं एक सांगायला हवं. रोज काम संपलं की ते मला कोरड्या कापडाने पुसायचे, कोपऱ्यांसकट. नाटक बघून पाहुणे आत यायचे, राजाच्या दाढीचं कौतुक करायचे. कुणीतरी माझंही करायचं, की असे आरसे हल्ली मिळत नाहीत. ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या आणि लगेच शंका यायची, की यांना माझ्याकडून काय हवंय?

मग काका निवृत्त झाले. विभागाला नवी इमारत मिळाली आणि तिथल्या रंगपटात भिंतभर नवे आरसे आले. मला दोघांनी उचललं आणि अडगळीच्या खोलीत, जुन्या नाटकांच्या पडद्यांमागे नेऊन टेकवलं. आणि मित्रांनो, टेकवताना माझं तोंड भिंतीकडे केलं. आरशाला याहून मोठी शिक्षा नाही. डोळ्यांसमोर पोपडे आलेली भिंत आणि पाठीमागे उंदरांची ये-जा. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं? त्या काळात मी अगदी रडकुंडीला आलो होतो, खोटं कशाला सांगू.

अशीच किती वर्षं गेली कोण जाणे. एके दिवशी पाठीमागे पावलं वाजली, पडदे सरकले आणि कुणीतरी मला उजेडाकडे वळवलं. समोर तिघं उभी होती. नाट्यविभागाच्या बाई, त्यांच्याबरोबर मेंदूच्या आजारांच्या एक तरुण डॉक्टर आणि जीवशास्त्राचे एक उंच, पोक काढून चालणारे संशोधक. त्यांच्या खिशातून सतत वायरी लोंबत असत, म्हणून मी त्यांचं नाव तारवाले ठेवलं. विद्यापीठाने म्हणे नवं संशोधन काढलं होतं. कलावाले, जीवशास्त्रवाले आणि दवाखान्यातले लोक, तिघांनी मिळून माणूस स्वतःला कसा ओळखतो ते शोधायचं. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत या तीन इमारतींतली माणसं मी एका टेबलाशी बसून चहा पिताना पाहिली नव्हती. आज एकदम एवढं गूळपीठ?

तारवाल्यांनी मला टेप लावून मोजलं आणि म्हणाले, काच चांगली आहे, अर्धी कापून टेबलावर उभी करता येईल. माझ्या काळजात धस्स झालं. बाई म्हणाल्या, नाही, आहे तसाच न्यायचा, त्या खुर्चीसकट. मी वाचलो. पण का वाचलो, ते कुणी सांगितलं नाही. त्यामुळे वाचवणाऱ्या बाईंचा डाव काय असेल, याचाच विचार मी टेम्पोत बसून करत होतो.

मला दवाखान्याच्या इमारतीतल्या एका पांढऱ्या खोलीत लावलं आणि समोर जुनी खुर्ची ठेवली. थोड्याच दिवसांत दार उघडलं आणि चाकांच्या खुर्चीतून एका म्हाताऱ्याला आत आणलं. तोंडाचा एक कोपरा ओघळलेला, डावा पाय ओढल्यासारखा आणि डावा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला. मी मनात म्हटलं, वा, काय झकास रंगवलंय. गालांचे खड्डे तर अप्रतिम. असं काम एकच माणूस करू शकतो, म्हणून मी रंगकाकांना शोधायला लागलो. तेवढ्यात मागून काकू आत आल्या, खांद्याला पिशवी लावून. त्यांनी वाकून म्हाताऱ्याच्या तोंडाचा कोपरा पदराने टिपला. त्या गालांवर रंगाचा एक थेंबही नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी बाईंना जे समजावलं ते मी कान देऊन ऐकलं. काकांच्या मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता आणि त्यामुळे त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. असं पुष्कळांचं होतं. पण काकांचं एक भलतंच झालं होतं. तो डावा हात आपला नाहीच, असं त्यांना वाटत होतं. वेडबीड काही नव्हतं. माणसं ओळखत होते, जुन्या नाटकांतली कुणाची मिशी कशी होती तेही सांगत होते. फक्त डाव्या हाताशी आलं की गाडी अडायची. माझा हात कुणीतरी पळवला आणि हा परका हात माझ्या अंथरुणात आणून टाकला, असं ते म्हणायचे. असे रुग्ण थोडे असतात, पण असतात, असं डॉक्टर म्हणाल्या.

आणि घरात दुसरं होतं कोण? एकट्या काकू. तेव्हा संशय काकूंवर. खरा हात कुठे लपवलास, म्हणून काका त्यांना सारखे विचारायचे. कपाटं उघडायला लावायचे. काकू हाताला तेल लावायला बसल्या की म्हणायचे, परक्या माणसाच्या हाताला एवढं कुरवाळायला तुला काही वाटत नाही का? सगळा जन्म या बाईने त्यांचं केलं आणि आता म्हातारपणी ती चोर ठरली. मी पट्टीचा संशयी, पण हे ऐकून मलासुद्धा फार वाईट वाटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी काकूंनी सोसलं असतं. पण काका त्या हाताला मारायला लागले होते. अंथरुणाबाहेर ढकलायचे, भिंतीवर आपटायचे. एकदा काकू स्वयंपाकघरात होत्या तेव्हा त्यांनी उजव्या हाताने कात्री उचलली. काकू वेळेवर पोचल्या म्हणून मनगटावरच्या ओरखड्यावर निभावलं. डॉक्टरांनी काकूंना माझ्याजवळच्या कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की असं चालू राहिलं तर त्यांना घरी ठेवता येणार नाही, दवाखान्यातच माणसांच्या पहाऱ्यात ठेवावं लागेल. काकूंनी हळूच विचारलं, तिथे त्यांना बांधून ठेवतील का? डॉक्टर हातातले कागद नीट लावायला लागल्या. काकूंनी पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला.

आता माझं काम काय, ते सांगतो. अशा काही रुग्णांना आपला हात सरळ बघितला तर परका वाटतो, पण तोच आरशात बघितला तर ओळखू येतो, असं डॉक्टरांना माहीत होतं. असं का होतं, ते पुरतं कळलेलं नाही. त्यांनी आधी दवाखान्यातला नवा आरसा काकांपुढे धरून पाहिला होता, पण काही उपयोग झाला नव्हता. बाईंना वाटलं, ज्या आरशात काका आयुष्यभर बघत आले तोच आणून बघावा. म्हणून माझी सुटका झाली होती. माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, हे मी ओळखलंच होतं.

तारवाल्यांचं काम वेगळं होतं. ते काकांच्या बोटांना वायरी चिकटवायचे आणि डाव्या हाताजवळ सुई न्यायचे. टोचायचे नाहीत, नुसती जवळ न्यायचे. स्वतःच्या हाताजवळ सुई आली की माणसाला बारीकसा घाम फुटतो. हात परका वाटत असेल तर तेवढा फुटत नाही. तो घाम यंत्राला कळतो आणि पडद्यावरची रेघ उसळते. माणसाचं ऐकायचं सोडून त्याच्या घामाला विचारणारा हा गृहस्थ मला एकदम आवडला.

त्यांनी काकांना धरून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, "काका, आरशात बघा. हा डावा हात कुणाचा?"

काका बराच वेळ बघत राहिले आणि चक्क हसले. "या खुर्चीत बसलेल्याचं काहीच त्याचं नसतं, डॉक्टर. पण काम छान झालंय. कुणी रंगवला हा म्हातारा?"

तारवाल्यांनी सुई जवळ नेली. रेघ ढिम्म. पुढच्या खेपेलाही तेच आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. बाई हिरमुसल्या. तारवाले पुन्हा माझ्याकडे कापायच्या नजरेने बघतायत, असं मला वाटायला लागलं. काकू मात्र दर वेळी आशेने येऊन भिंतीशी उभ्या राहायच्या आणि काकांचं उत्तर ऐकून खाली बघायच्या.

मग एक दिवस असं झालं. काकांना खुर्चीतून उठवून मागे ठेवलेल्या चाकांच्या खुर्चीत बसवायचं होतं. डॉक्टरांनी त्यांना बगलेत धरून उभं केलं. काकांनी उजव्या हाताने लाकडी खुर्चीची पाठ धरली आणि ते तिच्या मागे आले. तेवढ्यात त्यांच्या बोटांना चिकटवलेली एक वायर खुर्चीच्या पायात अडकली. तारवाले ती सोडवायला खाली वाकले, पण गुंता काही सुटेना. काकू सकाळपासून उभ्या होत्या. त्यांचे पाय भरून आले असणार. समोर खुर्ची रिकामी दिसली आणि त्या भान हरपल्यासारख्या तिच्यात बसल्या.

काकांनी मान वर केली आणि माझ्यात बघितलं. मित्रांनो, ते डोळे मी ओळखले. इतके दिवस येणाऱ्या म्हाताऱ्याचे डोळे नव्हते ते. रंगपटातले होते.

"पाठ टेकू नकोस," काका म्हणाले. "मान सरळ."

 बंदी मोडली होती ना काकूंनी. त्या उठायला लागल्या तर काका म्हणाले, बस. त्यांचा उजवा हात खुर्चीची पाठ धरून होता. डावा खाली लोंबत होता. डॉक्टर मोठ्या चलाख. त्यांनी एक शब्द न बोलता तो लोंबता हात अलगद उचलला आणि काकूंच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

 काका काकूंच्या खांद्यावरून वाकून माझ्यात बघत होते. आधी त्यांनी काकूंचं कपाळ बघितलं, मग गाल, मग हनुवटी, मग खांदा. खांद्यावर ते थांबले.

"हा इथे होय," ते म्हणाले. "माझा हात. इथे होता होय हा? आणि मी घरभर शोधतोय."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काका म्हणाले, "रडू नकोस, रंग ओघळेल." काकूंच्या तोंडाला कुठला आलाय रंग.

आता इतर कुणी असतं तर आनंदाने नाचलं असतं. मी नाही नाचलो. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना खोटं खरं करून दाखवलं, त्याच्या एका वाक्यावर मी भाळणार नव्हतो. पण तारवाल्यांनी सुई खांद्यावरच्या त्या हाताजवळ नेली आणि पडद्यावरची रेघ अशी उसळली, की तेच दचकले. तेव्हा सगळ्यांना चूक कळली. काकांना आम्ही खुर्चीत बसवत होतो. खुर्ची त्यांच्या लेखी सोंगाची जागा होती. त्यांची जागा खुर्चीच्या मागे होती आणि त्यांच्या हाताची जागा दुसऱ्याच्या खांद्यावर.

पण थांबा. काकांनी माझ्यावरची नजर काढून खाली बघितलं. काकूंच्या खांद्यावर तोच हात, तीच बोटं. "हा कुणाचा?" म्हणून त्यांनी उजव्या हाताने तो झटकून टाकला. हात गळून खाली पडला. माझ्या मनात आलं, मी म्हटलंच होतं. पण असं मनात आल्याचा मला त्या दिवशी आनंद झाला नाही.

डॉक्टर खचल्या नाहीत. त्यानंतर दर खेपेला काकू खुर्चीत आणि काका मागे, असंच सुरू झालं. आरशात बघायचं, हात ओळखायचा, मग क्षणभर खाली हाताकडे बघायचं आणि पुन्हा आरशात. सुरुवातीला नजर खाली गेली की हात परका व्हायचा. मग हळूहळू तो थोडा वेळ काकांचा राहायला लागला. बाईंनी रंगांची जुनी पेटी आणून दिली. डॉक्टर त्यांना कमरेला धरून ठेवायच्या आणि काका उजव्या हाताने काकूंच्या गालांना रंग लावायला लागले. नवरा रंगभूषाकार, पण काकूंच्या तोंडाला आजवर कधी त्याने बोट लावलं नव्हतं. एकदा रंग लावून झाल्यावर काकूंनी माझ्यात बघून, माझ्यातल्याच काकांना विचारलं.

"मी तुमचा हात चोरला, असं खरंच वाटलं तुम्हाला?"

"वाटलं," काका म्हणाले. "घरी गेलो की अजून वाटतं. इथे नाही वाटत."

"मग घरी मी कशी राहू?"

 काका कुंचला पुसत राहिले. मला त्या प्रश्नाने फार घोर लावला. मी होतो तोवर हात काकांचा, मी नसलो की चोरीचा. काकूंच्या घरात मी नव्हतो.

डॉक्टरांनाही तीच काळजी होती. संशोधनासाठी मिळालेली ती खोली आता दुसऱ्यांना द्यायची होती. त्यांच्या वरिष्ठांनी विचारलं होतं, की आरशाशिवाय काय? आरशाशिवाय हात परकाच राहणार असेल तर या माणसाला घरी पाठवणं धोक्याचं आहे, पुन्हा कात्री हातात घेतली तर जबाबदार कोण? म्हणून शेवटच्या खेपेला मला झाकून विचारायचं ठरलं. उत्तर चुकलं तर काकांची खाट दवाखान्यात तयार होती, हे काकूंना माहीत होतं. त्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत काकांचे कपडे होते.

तारवाल्यांनी एक जाड चादर आणून माझ्यावर टाकली. सगळं अंधारलं. चादर टाकून मला परत अडगळीत न्यायचा बेत आहे, असं माझ्या मनात आलं, आणि लगेच, नेलं तर नेलं, असंही आलं. मी फक्त ऐकत होतो. चाकांची खुर्ची आत आली. काकूंच्या बांगड्या वाजल्या. ती खोली यंत्रांसाठी कायम थंडगार ठेवलेली असायची आणि वरून वाऱ्याचा घूं आवाज यायचा, तेवढाच येत होता.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, खाली मांडीवर बघा. हा हात कुणाचा?"

 मी वाट बघितली. माझी खात्रीच होती, की आता ते म्हणणार, तुमचाच असेल, घेऊन जा. पूर्वी असंच म्हणायचे. वाऱ्याचा आवाज येत राहिला. डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला.  काकूंच्या पिशवीचा आवाज झाला, बहुधा त्यांनी ती खाली ठेवली.

"अगं," काका म्हणाले.

"काय हो?"

"गारठलाय हा. बोटं बघ कशी बर्फ झालीत." मग जरा चिडूनच म्हणाले, "बघत काय बसलीस? माझ्या हातावर काहीतरी घाल."

काकूंनी इकडेतिकडे बघितलं असेल नसेल, हाताला लागली ती चादर ओढली. ती माझ्यावरची होती. एकदम उजेड झाला. मला दिसलं ते एवढंच, की काकू खाली बसल्या होत्या आणि काकांचा डावा हात चादरीत गुंडाळत होत्या, आणि काका उजव्या हाताने चादरीची टोकं आत खोचत होते, कुठून वारा लागू नये म्हणून. डॉक्टरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. तारवाल्यांच्या हातात सुई तशीच होती. ती त्यांनी जवळ नेलीच नाही.

कपड्यांची पिशवी घेऊन काका आणि काकू त्याच दिवशी घरी गेले. हात लुळाच राहिला, तो हलायला लागला नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, आरशाने थाप मारली.

मी अजून दवाखान्यात आहे, दुसऱ्या खोलीत. आता दुसरी माणसं येतात. कुणाला पाय परका वाटतो, कुणाला हात. कुणाला कुठे उभं करायचं, हे आता आधी त्यांच्या घरच्यांना विचारतात. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी आजारपणात तुमच्यावर आळ घेतलाच, तर त्याला खोटं पाडायच्या मागे लागू नका. त्याची काम करायची जागा कुठली होती ते आठवा आणि त्याला तिथे उभं करून बघा. आणि हो, आरसा ठेवायची वेळ आली तर त्याचं तोंड भिंतीकडे करू नका.

माझा स्वभाव म्हणाल तर आहे तसाच आहे. डॉक्टरांवर संशय आहे, तारवाल्यांवर आहे, नव्या खोलीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसावर तर फारच आहे. फक्त त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली, तिच्यावर मला अजून शंका घेता आलेली नाही. चादर ओढली गेली तेव्हा मी काकांच्या बरोबर समोर होतो, उजेडात, पुसून लख्ख केलेला. हात नीट गुंडाळून होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.